शेफील्डच्या दरीतला एक थडग्याचा दगड आणि आमच्या गावचा पाझर तलाव

बालाघाटकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने इंग्लंडात, शेफील्डला होतो. बाळंतपण बायको सांभाळत होती, मला घरात कुणी विचारत नव्हतं. नातवाच्या अंघोळीची वेळ झाली की मी सगळ्यांच्या पायात यायचो. शेवटी जावयानं बसचा पास हातात ठेवला आणि म्हणाले, "मामा, फिरून या."

असाच एक दिवस शहराच्या वायव्येला लॉक्सली नावाच्या नदीची दरी आहे, तिथं उतरलो. नदी म्हणजे आपल्याकडचा बारमाही ओढा समजा. वर चढावर एक जुनं प्रार्थनाघर आहे, २०१६ मध्ये जळालं, आता नुसत्या भिंती. भोवती दफनभूमी, गुडघाभर गवत. वेळ घालवायचा म्हणून दगड वाचत हिंडत होतो.

एका दगडापाशी थांबलो. छातीएवढा उभा, काळपट पडलेला वालुकाश्म, जरा एका अंगाला कललेला. अक्षरांत शेवाळ भरलेलं. काडी घेऊन ते टोकरत वाचलं. एकाच घरातली माणसं, एकाखाली एक नावं, पुढं वयं. मोठी, मग लेकरं. आणि सगळ्यांचा दिवस एकच, मार्च १८६४. खाली एक ओळ, की ही सगळी पुरात बुडून गेली. नावं मुद्दाम देत नाही, त्यांची माणसं त्या भागात अजून असतील.

आधी वाटलं, नदीला पूर आला असेल. पण ओढ्याकडं बघितलं तर त्यात कोंबडी बुडणार नाही. कुत्रं फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं हात वर केला आणि दरीच्या वरच्या अंगाला दाखवलं. "डॅम," एवढंच म्हणाला. बाकीचं मी मग तिथल्या वाचनालयात बसून वाचलं.

वर ब्रॅडफील्डजवळ डेल डाईक म्हणून मातीचं धरण होतं. शेफील्डच्या कारखान्यांना आणि घरांना पाणी देणाऱ्या खासगी कंपनीनं १८५९ मध्ये काम काढलं. बांध ९५ फूट उंच. १८६४ च्या मार्चमध्ये पहिल्यांदाच काठोकाठ भरत आलं होतं. ११ मार्चला, शुक्रवारी, वादळी वारं सुटलेलं. संध्याकाळी एक कामगार बांधावरून घरी निघाला होता, त्याला बाहेरच्या उतारावर भेग दिसली. चाकूचं पातं जाईल एवढी. त्यानं आरडाओरडा केला, माणसं जमली, कंपनीचे अभियंता गन्सन यांना शहरातून घोडागाडीनं बोलावलं. ते रात्री पोचले. पाणी कमी करायला सांडव्याची भिंत सुरुंगानं उडवायचं ठरलं, पण दारूच पेटेना. साडेअकराच्या सुमाराला बांध गेला. गन्सन स्वतः थोडक्यात वाचले.

खालच्या दरीत सगळे झोपलेले. सुमारे २४० माणसं गेली. त्यातला पहिला बळी खालच्या ब्रॅडफील्डमधलं दोन दिवसांचं बाळ होतं. बाळंतिणीला बाहेर काढता काढता ते पाण्यात गेलं. अजून नावही ठेवलेलं नव्हतं.

माझा नातू तेव्हा नऊ दिवसांचा होता. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

दोन दिवसांनी धरणावर गेलो. आता तिथं १८७५ चं नवं धरण आहे, जुन्यापेक्षा जरा वर. जुना बांध जिथून जात होता तिथं झाडीत पांढरट दगड रोवलेत, त्यांवर इंग्रजी चार अक्षरं: सी, एल, ओ, बी. म्हणजे जुन्या बांधाची मध्यरेषा. बांध इथं होता, एवढंच सांगणारा दगड. मी त्याच्यावर बसून डबा खाल्ला, आणि खाताना सारखा आमच्या गावचा तलाव डोळ्यापुढं येत होता.

आमचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. माझी आई त्याच्यावर टोपली वाहायला होती. सुकडी खाऊन आम्ही मोठे झालो. मी सातवीत असताना परतीच्या पावसात रात्री तो फुटला. खालच्या शेतातल्या आखाड्यावर एका सालगड्याचं पोरगं बैलांजवळ निजलेलं होतं, माझ्याहून लहान. तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला लागलेलं सापडलं. तिथंच काठाला पुरलं. त्याच्या मायनं एक गोटा ठेवला आणि शेंदूर लावला. पंचनाम्यात बैल होते, मोटार होती, वाहून गेलेली तूर होती. पोराबद्दल दीड ओळ.

आणि एक सांगायचं राहिलं. बांधाला मधोमध खिंडार पडलं, पण टोकाला बसवलेली कोनशिला जशीच्या तशी राहिली. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या अध्यक्षतेखाली', सगळी नावं आजही वाचता येतात.

तर विचारायचं एवढंच. आपल्या मराठवाड्यात तलाव फुटून गेलेल्या माणसाच्या नावाचा, कारणासकट लिहिलेला दगड कुणी कुठं पाहिलाय का?

---

नाथसागर

काका, आधी नातवाचं अभिनंदन. पैठणला तरी मी असा दगड पाहिला नाही. जायकवाडीच्या पोटात गेलेल्या गावांची मात्र दैवतं आणि समाध्या वर आणून बसवलेल्या पाहिल्यात. लय आटलं की जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडतात, मग म्हातारी माणसं बघायला जातात. आमचा आजा दरवेळी एकाच जागी उभा राहून म्हणायचा, इथं आपला उंबरा. पण ते सगळं जितेपणी उठवलेल्या माणसांचं. फुटून गेलेल्यांचं नाही.

---

रोखठोक परभणी

चांगलं लिहिलंय, पण आता इंग्रजांचं कौतुक सुरू होणार म्हणून आधीच बोलतो. दगड लावले म्हणजे लई न्याय झाला का? कंपनीच्या कुणाला आत टाकलं का? तेवढं सांगा.

---

बालाघाटकर

नाही टाकलं. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर तुम्हाला आवडेल असंच आहे. चौकशी करणाऱ्या ज्यूरीनं कंपनीच्या अभियांत्रिकी कौशल्यावर ठपका ठेवला आणि अशा धरणांची सरकारनं नियमित तपासणी करावी असं म्हटलं. शिक्षा कुणाला झाली नाही. नुकसानभरपाईसाठी वेगळा कायदा केला, हजारोंनी दावे आले. कुणाची भांडी, कुणाची हत्यारं, कुणाची डुकरं, कुणाचा नवरा. ते दावे तिथल्या एका विद्यापीठानं संगणकावर चढवलेत, घरबसल्या वाचता येतात. पण भरपाईचा पैसा उभा करायला त्याच कायद्यानं कंपनीला पाणीपट्टी २५ टक्के वाढवायची मुभा दिली! म्हणजे ज्यांची घरं बुडाली त्यांच्याच नळातून वसुली.

दगड कंपनीनं नाही लावले, लोकांनी आपापल्या माणसांचे लावले. मला कौतुक त्याचं वाटलं.

---

रोखठोक परभणी

हे पाणीपट्टीचं माहीत नव्हतं. शब्द मागं घेतो, अर्धे.

---

मोजपट्टी

मी पाटबंधारेतला निवृत्त माणूस, शाखा अभियंता म्हणून बाहेर पडलो. धागा वाचल्यावर गप्प बसवेना.

डेल डाईकमध्ये पाणी किती होतं माहीत आहे का? सुमारे सत्तर कोटी गॅलन. ऐकायला प्रचंड वाटतं. आपल्या भाषेत करा: सव्वातीन दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आतबाहेर. माजलगाव ४५४ दलघमी आहे, मांजरा २२४, जायकवाडी २९०० च्या वर. म्हणजे २४० माणसं मारणारं धरण साठ्याच्या हिशोबानं आपल्याकडचा एक लघुतलाव होता. दरी अरुंद, उतार तीव्र आणि वेळ रात्रीची. माणसं मरायला एवढं पुरतं.

आता कारण. मातीच्या बांधात मधे काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, आम्ही हार्टिंग म्हणतो, आणि दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग. पाणी अडवतो तो गाभा. केसिंग त्याला धरून ठेवतं. शेफील्डला गाभा उंचीच्या मानानं बारीक होता आणि बाहेरचा भराव वॅगनीतून जाड थरांनी नुसता ओतलेला, नीट दाबलेला नाही. असा भराव पाणी चढलं की बसतो. तो बसला की गाभ्याला ओढ बसते, गाभा चिरतो. चीर पडली की पाणी तिच्यातून मातीचे कण घेऊन निघतं, आणि मग ते थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते. पाणी सोडायचे दोन बिडाचे नळ बांधाच्या खालून नेलेले, आणि व्हॉल्व्ह कुठं? बाहेरच्या टोकाला! म्हणजे बांधाच्या पोटातल्या नळांत चोवीस तास पूर्ण दाबाचं पाणी. सांधा निखळला तर आतल्या आत गळती, कुणाला दिसणार नाही, बंद करता येणार नाही. खात्यातला साधा मिस्त्रीसुद्धा सांगेल, कॉक पाण्याच्या बाजूला बसव.

काका, तुमच्या तलावाचा विमोचक, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कुठं होता आठवतं का?

---

बालाघाटकर

सर, सातवीतलं पोरगं काय बघणार! पण आई सांगायची की थर टाकला की बाया आणि गाढवं त्याच्यावरून चालवायचे, आणि गडी धुमस मारायचे. रोलर एकदाच आलता, मंत्री येणार होते त्या आठवड्यात.

---

मोजपट्टी

दुष्काळी कामांवर रोलर कमीच असायचे. तो दोष बाया-गड्यांचा नाही. पोटाला अन्न द्यायला काम काढलं होतं, हजेरीपट भरणं हेच मुख्य. नंतर त्या तलावांवर बाभळी वाढल्या. बांधावरची बाभूळ दिसायला बरी, पण ती तोडली की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या तयार होतात. उंदीर, घुशी त्यात भर घालतात.

---

सुमन परळी

आणि खेकडे! २०१९ ला कोकणात तिवरे धरण फुटलं, तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं. २ जुलैची रात्र. आमच्याकडं लोक पोट धरून हसले, मला मात्र हसू आलं नाही. खेकड्याच्या नावाचा दगड लावायचा होता मग.

---

मोजपट्टी

सुमनताई, खेकडे बिळं करतात हे खरं. पण बीळ दिसल्यावर बुजवायला खातं असतं. भेग, पाझर, गढूळ पाणी ही चिन्हं आधी दिसतात. बांधाच्या पायथ्याच्या गाळणीतून स्वच्छ पाणी येत असेल तर काळजी नाही, गढूळ यायला लागलं की बांधाची माती चाललीय समजायचं. शेफील्डच्या त्या कामगारानं भेग पाहिली आणि सांगितली. आपल्याकडंही आधी गुराखीच सांगतो.

---

मांजराकाठ

विषय थोडा वेगळा, पण दगडावरून आठवलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात जॉन्सटाउन म्हणून गाव आहे, पोरगा त्या बाजूला शिकायला होता, त्यानं नेलतं. ३१ मे १८८९ ला वरचं साउथ फोर्क धरण फुटलं, २२०९ माणसं गेली. धरण कुणाचं? श्रीमंतांच्या मासेमारी क्लबाचं. कार्नेगी, फ्रिक असले बडे उद्योगपती सभासद. पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानं काढून विकलेले, ते क्लबानं परत बसवलेच नाहीत. वरून गाड्या जायला रस्ता रुंद हवा म्हणून बांधाचा माथा खाली घेतला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या. पावसात जाळ्या कचऱ्यानं तुंबल्या आणि पाणी माथ्यावरून गेलं. कोर्टात क्लबाला कुणी हात लावू शकलं नाही.

तिथं टेकडीवरच्या दफनभूमीत ७७७ पांढरे दगड आहेत, एकसारखे, रांगेत. एकावरही अक्षर नाही. ओळख पटली नाही त्यांचे. पोरगा म्हणाला, बाबा फोटो काढा. मला काढावासा वाटेना. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो. सरणाला लाकडं पुरत नव्हती, पाऊस चालू. कोण कुणाचं, हे विचारायला माणूस शिल्लक नव्हता. आता स्मृतिस्तंभ आहे, ३० सप्टेंबरला मानवंदना होते. पण त्या कोऱ्या दगडांपुढं उभं राहिल्यावर मला सरणंच दिसली.

---

तेरणाकाठ

मांजराकाठ दादा, नमस्कार. मी लोहाऱ्याकडचा.

बालाघाटकर काका, एक मुद्दा. आपल्यात दहन, त्यामुळं दगड कमी, असं कुणी म्हणेल. पण आम्ही लिंगायत पुरतो, समाधी बांधतो. मुसलमानांची कबर असते. लहान लेकरू तर सगळेच पुरतात. आणि वीरगळ? गावोगाव मारुतीच्या पारापाशी पडलेले असतात. खाली लढाई, मधे अप्सरा नेतायत, वर शिवलिंग. म्हणजे माणूस कशानं गेला हे दगडावर सांगायची रीत आपल्याकडं हजार वर्षांपासून आहे. गुरं सोडवताना मेला तर गाईसुद्धा कोरल्यात. तलाव फुटून मेला तर काय कोरणार, एवढंच ठरलेलं नाही.

---

खजाना विहीर

अस्सलाम वालेकुम, नमस्कार सगळ्यांना. बीडचा आहे. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आलता, तेव्हा मी दहा वर्षांचा. नदीकाठचे मोहल्ले साफ झाले. तो काही बांध फुटून नव्हता, पाऊसच तसा होता. पण आमच्या कब्रस्तानात त्या पुरात गेलेल्यांच्या कबरी दादी दाखवायची. कतबा, म्हणजे नावाचा दगड, कुठं आहे, कुठं नाही. दादी मात्र बोट दाखवून सांगायची: ही पुराची, ही पण पुराची. दादी गेली, आता मला त्यातल्या तीनच ओळखू येतात.

---

सुमन परळी

खजानाभाई, त्या तिघांची तरी नावं वहीत लिहून ठेवा आजच्या आज.

---

रोखठोक परभणी

मोजपट्टी सर, एक सांगा. आता कायदा आलाय ना धरण सुरक्षेचा? मग गावतलावांची तपासणी कामून होत नाही?

---

मोजपट्टी

२०२१ चा कायदा आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना, तेही अटी बसल्या तर. आपले बहुतेक पाझर तलाव त्या उंचीहून बुटके, म्हणजे कायद्याबाहेर राहतात. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, मी स्वतः केलीय. शंभर हेक्टरांच्या आतले तलाव जिल्हा परिषदेकडं, आणि तिथं माणूस एक, तलाव किती ते विचारू नका.

इंग्लंडनंही काही घाई केली नव्हती. शेफील्डच्या ज्यूरीनं १८६४ ला मागितलेली तपासणी कायद्यात आली १९३० ला, तीही वेल्समध्ये डॉलगॅरोगला १९२५ मध्ये आणखी १६ माणसं गेल्यावर.

---

नाथसागर

सर, जायकवाडीची भीती आहे का? २००६ ला पाणी सोडलं तेव्हा पैठणात आम्ही गच्चीवर दिवस काढलेत. तेव्हापासून आई सायरन वाजला की दागिने कमरेला बांधते.

---

मोजपट्टी

२००६ ला धरण वाचवायलाच पाणी सोडलं होतं. दहा किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे आहेत, त्यावर डोळे ठेवणारी माणसं आहेत. मला झोप लागत नाही ती ज्याला एकही दरवाजा नाही आणि ज्याचं नाव कुठल्या यादीत नाही त्या तलावांमुळं. आईंना सांगा, दागिने राहू द्या, कागदपत्रं बांधा.

---

बालाघाटकर (तीन आठवड्यांनी)

मंडळी, परत आलो. धागा वर काढतो.

गावाकडं जाऊन आलो. बंधाऱ्यापाशी तो गोटा आहे, शेंदूर लावायचं कुणी सोडलेलं नाही, पण आता लोक त्याला म्हसोबा म्हणतात. नवस बोलतात. पोराचं कुणाला ठाऊक नाही. पाटलाच्या थोरल्या बाई, नव्वदीच्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "बारक्या म्हणायचे. खरं नाव त्याच्या मायला ठाऊक, अन् ती कवाच गेली." सालगड्याचं घर तिसऱ्याच वर्षी उठून ऊसतोडीला गेलं, परत आलं नाही. शाळेत गेलो. हेडमास्तरांनी दुपारभर कपाट उपसलं. जुन्या दाखलखारिज रजिस्टरात सापडला! दुसरी, गैरहजर, पुढं नाव कमी केल्याची तारीख. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'सतत गैरहजर'.

अंबाजोगाईच्या रस्त्याला पाथरवट बसतो, त्याच्याकडं दगड सांगून आलो. म्हसोबाला धक्का नाही लावणार, शेजारी बसवणार. पाथरवट अक्षरावर पैसे घेतो. नाव, वडलांचं नाव, साल एवढं झालं. कारण लिहायचं म्हटल्यावर म्हणाला, "मामा, मजकूर लांबतोय, आटोपशीर सांगा." तर काय लिहू?

---

तेरणाकाठ

'तलाव फुटून मृत्यू'. तीन शब्द.

---

रोखठोक परभणी

'मृत्यू' नको. 'गेला' लिहा. अक्षरं तेवढीच.

---

खजाना विहीर

अक्षरांचे पैसे मी धाडतो काका, यात कंजूषी नको. नंबर वैयक्तिक निरोपात द्या.

---

सुमन परळी

मोजपट्टी सर काय म्हणतात? 'फुटून' बरोबर आहे का, का 'खचून'? उद्या कुणी म्हणायला नको की चुकीचं लिहिलं.

---

मोजपट्टी

ताई, माझ्या नोकरीत मी असे चार अहवाल लिहिलेत. एकातही 'फुटला' हा शब्द नाही. आम्ही लिहायचो, 'भरावास भगदाड पडून जलसाठा रिकामा झाला'. वरून तसंच यायचं, खालून तसंच जायचं.

'फुटून' लिहा.